मापं भरत जावीत की क्ष धरावा?

अज्ञात कोन काढायच्या दोन वाटा आहेत. एक, माहीत असलेल्या कोनापासून निघून आकृतीत एकेक माप भरत जायचं. दुसरी, एखाद्या कोनाला क्ष म्हणायचं, बाकीचे कोन क्षमध्ये लिहायचे आणि समीकरण सोडवायचं. प्रमेयं दोन्हीकडे तीच.

आकृतीत मापं अंशांत दिलेली असतील तर पहिलीच वाट धरा. समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन, चक्रीय चौकोनाचे संमुख कोन, अर्धवर्तुळातला काटकोन... दोन-तीन पायऱ्यांत काम होतं. प्रत्येक पायरीशेजारी कारण लिहिलं, की गणित कुठे चुकलं तेही लगेच सापडतं. अशा ठिकाणी क्ष नुसतं लिखाण वाढवतो.

पण एकही माप दिलेलं नसेल तर? त्रिकोण अबक घ्या, अब = अक. बाजू अकवर ड असा, की अड = बड = बक. कोन अ किती? भरायला आकडाच नाही, म्हणून कोन अ = क्ष. अड = बड, म्हणून कोन अबडही क्ष. कोन बडक हा त्रिकोण अबडचा बाह्यकोन, समोरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका, म्हणजे 2क्ष. बड = बक, म्हणून कोन क 2क्ष; अब = अक, म्हणून अख्खा कोन बसुद्धा 2क्ष. बेरीज 5क्ष = 180°, क्ष = 36°. बाह्यकोनाचं प्रमेय इथे फार मोलाचं आहे. ते न वापरता 180° मधून दोनदा वजाबाकी केली तरी 2क्षच येतं, पण चिन्हं चुकतात ती तिथेच. समद्विभुज त्रिकोणांची अशी साखळी दिसली की मी विचार न करता क्ष धरतो.

क्षलाही मर्यादा आहेत. ब्रिटिश गणितज्ञ एडवर्ड लँगली यांनी 1922 मध्ये मांडलेलं कोडं बघा. समद्विभुज त्रिकोण अबक, शिरोकोन अ 20°. बमधून पायाशी 60° करणारी रेषा अकला य मध्ये, कमधून 50° करणारी रेषा अबला फ मध्ये छेदते. कोन बयफ काढायचा. कोणताही कोन क्ष धरा, समीकरण शेवटी 0 = 0 वर येतं, कारण नुसत्या कोनांच्या बेरजांत इथे पुरेशी माहितीच नाही. बाजूंकडे वळावं लागतं. बमधून पायाशी 20° करणारी रेषा काढा, ती अकला ग मध्ये मिळते. कोन बगक आणि कोन क दोन्ही 80°, कोन बफक आणि कोन बकफ दोन्ही 50°; म्हणून बग = बक = बफ. कोन फबग 60°, म्हणून त्रिकोण बफग समभुज. कोन गबय आणि कोन गयब दोन्ही 40°, म्हणून गय = गब = गफ. कोन फगय 40°, त्यामुळे कोन गयफ 70°, आणि त्यातून 40° गेले की बयफ 30°.