अधिवासातील निरीक्षण की प्रयोगशाळा: प्राणिवर्तनाच्या अभ्यासाची पद्धत निवडताना

प्राण्यांच्या वर्तनावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच ठरवावे लागते, की प्राण्याला त्याच्या अधिवासात न्याहाळायचे की प्रयोगशाळेत नियंत्रित परिस्थितीत अभ्यासायचे. माझ्या मते हा निर्णय स्वतःच्या आवडीपेक्षा प्रश्नाच्या स्वरूपावरून घ्यावा. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये असे चार प्रश्न वेगळे करून मांडले: एखादे वर्तन त्या क्षणी कशामुळे घडते, प्राण्याच्या आयुष्यात ते कसे विकसित होते, जगण्यासाठी व प्रजननासाठी त्याचा उपयोग काय, आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कसे घडत आले. पहिल्या दोहोंसाठी प्रयोगशाळा सोयीची आहे. तिसऱ्याचे समाधानकारक उत्तर मात्र अधिवासाबाहेर क्वचितच मिळते.

प्रयोगशाळेचे बळ एका वेळी एकच घटक बदलण्यात आहे. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना विशिष्ट चवीचे पाणी दिले आणि ते पिताना प्रकाश व आवाजही योजला. ज्यांना आजारी पाडले त्यांनी पुढे ती चव टाळली, तर ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी प्रकाश व आवाज असलेले पाणी टाळले. नुसत्या निरीक्षणातून हा भेद कधीच हाती लागला नसता. तरीही अशा निष्कर्षांचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. ऑक्सफर्डमधील बेटी या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात अनेकांना असाधारण समज दिसली. परंतु रानातून पकडलेले याच जातीचे कावळेही अवजारे बनवताना लवचिक डहाळ्या वाकवतात, असे २०१६ मध्ये समोर आले. बेटीचे कौशल्य त्यामुळे खोटे ठरत नाही, पण त्याचे स्पष्टीकरण बदलते: ते विशेष समजेपेक्षा जातीच्या नैसर्गिक सवयीतून आलेले असू शकते.

अधिवासातील निरीक्षणाला वेळ फार लागतो, आणि पाहणाऱ्याचे लक्ष ठळक घटनांकडेच ओढले जाते. त्यावर संशोधिका जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडलेल्या नमुनापद्धती उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, एकच प्राणी आधी निवडून ठरावीक वेळ त्याच्या कृतींची नोंद करणे.

मला स्वतःला अधिवासातच केलेला प्रयोग सर्वांत आशादायक वाटतो. केनियातील अँबोसेली येथील व्हर्वेट माकडे वेगवेगळे शिकारी दिसल्यावर वेगवेगळे इशाऱ्याचे आवाज काढतात; शास्त्रज्ञांनी त्यांना या इशाऱ्यांची ध्वनिमुद्रणे ऐकवली, तेव्हा जवळपास शिकारी नसतानाही बिबट्याच्या इशाऱ्यावर माकडे झाडावर चढली, गरुडाच्या इशाऱ्यावर त्यांनी वर पाहिले आणि सापाच्या इशाऱ्यावर जमीन न्याहाळली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगामुळे शिकारी दिसण्याचा परिणाम आणि इशाऱ्याचा परिणाम वेगळे करता आले. हा मार्ग निवडल्यास अनेक प्राण्यांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे वापरावीत, तुलनेसाठी एखादा निरुपद्रवी आवाजही ठेवावा आणि दोन प्रयोगांत पुरेसे अंतर राखावे. अन्यथा प्राणी त्या आवाजाला सरावतात आणि प्रतिसाद का मंदावला हे सांगता येत नाही.