एटी अँड टीची २०१०ची जाहिरात: कापड नारिंगी, कल्पना उसनी

दिसायला देखणी. अमेरिकेतल्या ओळखीच्या वास्तूंवरून नारिंगी कापड उलगडत जातं आणि या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या नेटवर्कची व्याप्ती झटकन कळते. पण आधी आठवतं ते ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद हे कलाकार जोडपं. २००५मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्यांनी केशरी कापडाच्या ७,५०३ कमानी १६ दिवस उभ्या ठेवल्या. खर्च स्वतःची रेखाटनं वगैरे विकून भागवला, प्रायोजक घेतला नाही. खोट नेमकी इथेच आहे. कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या विशिष्ट मांडणीला असतो. म्हणजे कायद्यात पळवाट मिळते. मात्र प्रायोजक नाकारणाऱ्यांचीच शैली उचलली, की त्यांनी होकार दिल्याचा भास होतो. कलाकारांचा संबंध नसल्याची ओळ जाहिरातीत आली खरी. कापडाइतकी मोठी नव्हती, एवढंच.