पित्ताशयाची भिंत जाड निघाली तर: दुर्बिणीतून की पोट उघडून?

देवगडला मावशीची सोनोग्राफी झाली ती ऐन आंब्याच्या हंगामात. खडे होतेच, पण भिंतही जाड दिसली. सीटीनंतर झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस हे लांबलचक नाव कळलं आणि सोबत "कॅन्सर नाही ना, हे आत्ताच सांगता येणार नाही" असंही ऐकावं लागलं. मावशीचं एकच म्हणणं: "माका पोट फाडून घेवचा नाय." ज्यांच्या घरी आज हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खड्यांमुळे पित्त अडतं, पित्ताशयाच्या भिंतीत झिरपतं, आणि ते साफ करायला आलेल्या पेशी चरबीने फुगून तिथेच साचतात. भिंत जाड होते, गाठी होतात, यकृत, आतडं सगळं एकमेकांना चिकटतं. कॅन्सरही असाच दिसतो. सीए १९-९ ही रक्ततपासणी दोन्हींत वाढू शकते, आणि काही जणांत दोन्ही आजार एकत्रही सापडतात. औषधाने हे जात नाही, पित्ताशय काढावंच लागतं.

पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उदवाडिया यांनी सुरू केलं. साध्या खड्यांसाठी आज तेच पहिली पसंती. बारीक छिद्रं, कमी दुखणं, दोनेक दिवसांत घरी. भातलावणी तोंडावर असलेल्या घराला हे मोठंच. पण या आजारात चिकटलेल्या भागात पित्तनलिका ओळखूच येत नाही आणि ती कापली गेली तर आयुष्यभराचं दुखणं मागे लागतं. म्हणून दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच उघडून करावं लागण्याचं प्रमाण इथे साध्या खड्यांपेक्षा बरंच जास्त असतं.

उघडून केलं तर सर्जनला हाताने चाचपता येतं, आणि कॅन्सरची शंका असेल तर यकृताचा लगतचा भाग नि जवळच्या लसिकाग्रंथी सोबत काढता येतात. बदल्यात जखम मोठी, मुक्काम बहुधा आठवडाभर, आणि पुढे कित्येक आठवडे हंडा-कळशी उचलायची नाही.

मला विचाराल तर "दुर्बीण की उघडून" हा प्रश्नच दुय्यम आहे. सर्जनला विचारा: अडचण आली तर तुम्ही लगेच पोट उघडाल ना? जो "हो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही" म्हणेल, त्याच्याकडे जा. उघडावं लागणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही, हे मावशीला समजवायला आम्हाला चार दिवस लागले.

दुसरा प्रश्न फ्रोझन सेक्शनचा. पेशंट भुलीखाली असतानाच तुकडा तपासून कॅन्सर आहे का ते साधारण अर्ध्या तासात सांगतात. ही सोय आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्ट जिथे आहेत तिथेच जावं, मग ते गोव्यातलं बांबोळी असो, कोल्हापूर असो की मुंबई. घराजवळ ही सोय असेल तर उत्तमच.

कधी पित्ताशयाचा थोडा भाग नलिकेजवळ मुद्दाम ठेवतात. नलिका वाचते हा फायदा. पण ड्रेनमधून, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून, काही दिवस पित्त येऊ शकतं, आणि उरलेल्या भागात पुन्हा खडेही होऊ शकतात. कॅन्सरची दाट शंका असेल तर मात्र पित्ताशय फोडणं टाळतात, कारण आतलं पित्त पोटात सांडलं तर पेशी पसरायची भीती. पित्त गळत राहिलं तर एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकावी लागते. म्हणून ऑपरेशन कुठेही करा, ड्रेन निघेपर्यंत तिथून जवळच राहा. भर पावसात रात्री गगनबावड्याचा घाट चढायची वेळ पेशंटवर येऊ देऊ नका.

आमच्याकडे दुर्बिणीने सुरुवात केली, तासाभराने उघडावं लागलं. फ्रोझनमध्ये कॅन्सर दिसला नाही, पण सर्जनने पक्क्या बायोप्सीशिवाय निर्धास्त व्हायचं नाही असं बजावलं होतं. तो कागद हातात पडल्यावरच मावशीने कोल्हापूर सोडलं.