साक्षीला बोलावलेल्या डॉक्टरांसाठी ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ अ‍ॅप

शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याला शवविच्छेदन अहवालाबाबत साक्षीचे समन्स अनेकदा बदलीनंतर, दुसऱ्याच जिल्ह्यात मिळते. अशा वेळी हे मोफत अ‍ॅप फार उपयोगी पडते. १६ अक्षरांकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक), किंवा तो हाताशी नसल्यास पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष भरले, की खटल्याची पुढील तारीख आणि मागील तारखांना काय कामकाज झाले हे कळते. त्या दिवशी आपली साक्ष प्रत्यक्षात नोंदवली जाईल का, हे मात्र त्यात दिसत नाही. त्यासाठी सरकारी वकिलांनाच विचारावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, दृकश्राव्य माध्यमातून साक्षीची मुभा दिली आहे, तेव्हा तसा अर्जही अ‍ॅपमधूनच करता आला, तर लांबच्या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभाग दिवसभर ओस पडणार नाही.