साडेचारशे रुपयांची सटवाई

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे आणि मला उगाच कोणाच्या वाटेत काटे टाकायचे नाहीत. मलपृष्ठावर ‘मृत्यू आणि नियती यांचा थरारक खेळ’ असं काहीतरी होतं. अशा वाक्यांना मी सहसा भुलत नाही, पण दादरला दुकानात उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि घेऊनच टाकलं. ४५० रुपये.

पहिलं पान खरंच भारी आहे हो. लालबागच्या चाळीत बाळाची पाचवी, पाटावर कोरा कागद आणि पेन, आणि आजी रात्रभर टक्क जागी, कारण सटवाई नातवाच्या कपाळी काय लिहून जाते ते तिला चोरून बघायचंय. माझ्या मुलीच्या पाचवीला आईने पण कागद-पेन ठेवलेलं, सकाळी मी गमतीत कागद उलटून बघायला गेलो तर हातावर फटका बसला होता. त्यामुळे वाटलं, चला, हे आपलं पुस्तक आहे. त्यात बाळ जन्मतं १९८२ साली, म्हणजे गिरणी संपाच्या वर्षी, आणि बाप गिरणीत. आता बघा काय जबरदस्त सामान हातात होतं! जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. घरात सगळे म्हणतात नशीब आपलं, पण ते नशीब सटवाईने लिहिलं होतं की मालक आणि सरकारने, हा प्रश्न त्या खोलीतच बसलेला आहे. मी वाट बघत होतो की आता लेखक हात घालेल, आता घालेल...

नाही घातला. चाळीसाव्या पानानंतर बाप एका परिच्छेदात मरतो, पोरगा मोठा होतो, आजी मरताना त्याला त्याच्या मृत्यूची तारीख सांगते आणि पुढची अडीचशे पानं नुसते योगायोग. टॅक्सी बंद पडते म्हणून वाचतो, रॉंग नंबर येतो म्हणून वाचतो, लिफ्ट अडकते म्हणून पण वाचतो. अरे, योगायोग म्हणजे नियती नाही ना! परीक्षिताला सात दिवस मिळाले होते, त्याने एका खांबावर महाल बांधला, वैद्य बसवले, मांत्रिक बसवले, तरी तक्षक फळातल्या किड्याच्या रूपाने आत शिरलाच, म्हणून ती गोष्ट लहानपणी ऐकली तरी अंगावर काटा यायचा. इथे हिरो काहीच करत नाही, त्याला फक्त घाम फुटतो. दर दहा पानांनी.

आणि चुका. हिरो दादरला हार्बरची पनवेल लोकल पकडतो, म्हणजे थेट, कुठेही न बदलता. मुंबईची कादंबरी आहे म्हणता आणि हार्बर दादरला येत नाही हे छापायच्या आधी एकालाही दिसलं नाही? ते एक वेळ सोडून देतो, पण पिंडाला कावळा तेराव्याला शिवतो लिहिलंय. दहाव्याला शिवतो हो!

याच सीनने मला जास्त त्रास झाला. माझे काका गेले तेव्हा बाणगंगेवर दहावा केला, कावळे समोर कठड्यावर बसलेत, खाली बघतायत आणि येत नाहीत. पाऊण तास झाला. चुलतभाऊ म्हणाला आईला नीट सांभाळू, नाही आला. आत्या म्हणाली दादा, धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, नाही आला. शेवटी काकी हळूच म्हणाली, ‘अहो, तुमच्या मित्राचे पैसे मी फेडते,’ तेव्हा एक खाली उतरला. कुठले पैसे, कुठला मित्र, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माझा कशावर फार विश्वास आहे अशातला भाग नाही, पण तिथे सगळे गप्प झाले होते. कादंबरीत कावळा पहिल्या ओळीत येतो, दुसऱ्या ओळीत उडतो आणि हिरो मोबाईल बघत टॅक्सीत बसतो. ना मागे राहिलेल्यांची रांग, ना स्मशानातली पावती, ना वॉर्ड ऑफिसमध्ये दाखल्याच्या किती कॉपी हव्यात ते विचारणारा माणूस. मरणावर पुस्तक आणि त्यात कोणाला सुतक सुद्धा नाही.

शेवट सांगत नाही, पण आईने साठाव्या पानावर बरोब्बर सांगितला होता, तोही भाजी निवडता निवडता.

भाषा बरी आहे, कागद चांगला आहे, म्हणून पाचपैकी दोन. हे दोन्ही स्टार आजीचे. शेजारच्या मावशींनी वाचायला मागितलंय तर आई म्हणते चाळीस पानांवर खूण घालून दे आणि सांग, पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.