राजारामपुरीतली अभ्यासिका : डब्यासाठी जा, बोर्डाकडं बघू नका

आधी सोयी सांगतो, मग भांडण. राजारामपुरीच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर ही अभ्यासिका आहे. नाव मुद्दाम देत नाही, मालक माणूस भला आहे आणि खाली सांगतोय तो प्रकार आजूबाजूच्या बऱ्याच अभ्यासिकांत चालतो. महिना ९०० रुपये, लॉकरचे वेगळे, चोवीस तास उघडी, प्रत्येक केबिनला प्लग, लाईट गेली तर इन्व्हर्टर, वायफाय आहे म्हणण्यापुरतं. मुलींचा हॉल वेगळा आणि टॉयलेट खरंच स्वच्छ. एसी नाही पण एप्रिल-मे सोडला तर कोल्हापुरात अडत नाही.

आता भांडण. जिना चढून आत आलं की समोरच पांढरा बोर्ड, 'आजचे टॉप १०'. मार्कांचे नव्हेत, बसण्याचे. दारात थंब मशीन आहे, त्यातनं कोण किती तास आत होतं ते काढतात आणि रात्री ग्रुपवर फोटो पडतो. पहिल्या नंबरचा गडी चौदा तासांच्या खाली नसतोच. मग पोरं काय करतात, टेबलावर डोकं टाकून तिथंच झोपतात, मशीनच्या हिशेबात अभ्यास चालूच! माझ्या शेजारच्या केबिनमध्ये बीएस्सीचा एक पोरगा आहे, त्याच्या केमिस्ट्रीच्या नोट्स बघाल तर पान न् पान हायलायटरनं पिवळं, त्यावर परत गुलाबी. सहज म्हटलं, वही मिटून सांग की हे काय आहे ते, तर म्हणतो "वाचताना सगळं येतंय रे".

मी मानसशास्त्र शिकतोय म्हणून हे जास्त टोचतं, कारण ह्या "वाचताना येतंय"वर केवढं संशोधन झालंय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना एक उतारा वाचायला दिला, मग काहींना तोच परत वाचायला लावला आणि काहींना न बघता आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर उलटं, वाचणारे ४२ वर आणि आठवून लिहिणारे ५६ वर. आणि गंमत म्हणजे त्यांच्याच पुढच्या प्रयोगात, परत परत वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा होता. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि मंडळींनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात हायलाईट करणं आणि नुसतं परत वाचणं खालच्या रांगेत, वरच्या रांगेत दोनच, स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये वाटून करणं. तास मोजणं कुठंच नाही.

झोपेचंही तेच. अमेरिकेतल्या एमआयटीत केमिस्ट्रीच्या वर्गातल्या ८८ पोरांच्या मनगटाला सेमिस्टरभर पट्टा बांधून झोप मोजली होती (२०१९ ला छापून आलं). पेपरच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा मार्कांशी काही संबंध दिसला नाही, पण आधीचा आठवडा-महिना जे नीट आणि ठराविक वेळेला झोपले त्यांचे मार्क चांगले. म्हणजे आदल्या रात्री लवकर झोपून भरपाई होत नाही, आणि आमच्या बोर्डावर नाव यायचं असेल तर रोजच झोप मोडायला लागते.

अजून एक. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निर्देश दिले, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं समुपदेशक हवा, पोरांना चारचौघांत लाजवायचं नाही, टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर (१४४१६) दिसेल असा लावायचा, असं सगळं आहे. अभ्यासिका त्यात बसते का हा वकिलांचा प्रश्न, पण आमच्या मालकांनी १४४१६ चं पोस्टर लावलंय हे मानलं पाहिजे. फक्त लावलंय वॉटर फिल्टरच्या मागं, वाकून ग्लास भरला तरच दिसतं. बोर्ड मात्र दारात.

मग ९०० रुपये का देतो? डब्यासाठी. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली. आठवडाभर जो जे वाचेल त्यावर एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आत टाकायचा, मागं उत्तर. शनिवारी संध्याकाळी सातला सगळे गच्चीवर, चिठ्ठी काढायची आणि पुस्तक न उघडता बोलायचं, चुकलं तरी कोण हसत नाही (हसतात, पण मनावर घेण्यासारखं नाही). चुकलेली चिठ्ठी परत डब्यात जाते आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा कुणाच्या तरी हातात येते. वर सांगितलेल्या दोन्ही पद्धती त्या डब्यात आहेत, आणि ज्यानं हे सुरू केलं त्या एमएच्या दादाला हे संशोधन माहीतही नव्हतं. नंतर भेळ. भुदरगड-चंदगडकडनं आलेली पोरं, जी आठवडाभर कुणाशी बोलत नाहीत, ती तिथं बोलतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं त्या गावात, पोराला नुसती खुर्ची देऊन भागत नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

मालकांना म्हटलं, काका बोर्ड काढा आणि त्या जागी डब्यातला एक प्रश्न लिहा रोज. म्हणाले, "आवो, पालक येत्यात तवा तासच इचारत्यात. पोरगं किती शिकलं ते त्यास्नी कसं दावू?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, त्यामुळं पालक हे वाचत असतील तर कृपा करून तास विचारू नका, परवा काय वाचलंस ते सांग म्हणा.

पाचपैकी साडेतीन. घ्यायची असेल तर आतल्या बाजूची केबिन मागा, रस्त्याकडच्या खिडकीत गाड्यांचा आवाज फार. शनिवारी सातच्या आधी पोचा, गच्चीवर खुर्च्या कमी आहेत.