पावसाचं पाणी टाकीत साठवायचं की बोअरमध्ये जिरवायचं?

मे महिन्यात टँकरची बिलं सोसायटीच्या सभेत आली की हा विषय निघतो. आधी हिशेब. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिमी पाऊस पडतो. गच्ची ५०० चौरस मीटर असेल आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी १० लाख लिटर मिळतं, म्हणजे १०,००० लिटरचे १०० टँकर. आकडा भुरळ घालतो खरा, पण हे पाणी येतं जून ते सप्टेंबरमध्ये आणि हवं असतं एप्रिल-मेमध्ये. सगळा घोळ इथेच आहे.

टाकीचं बघू. ६० घरं, २४० माणसं. फ्लशला माणशी ४५ लिटर धरलं तर दिवसाला १०,८०० लिटर लागतं. २०,००० लिटरची टाकी ५० मिमी पावसात एका दिवसात भरते आणि दोन दिवसांत संपते. पावसाळाभर ती भरत-रिकामी होत राहते, तेवढं महापालिकेचं पाणी वाचतं. दिवाळीनंतर ठणठणाट. शिवाय फ्लशची लाइन वेगळी असेल तरच हे जमतं. नसेल तर पाणी जिने-गाड्या धुण्यापुरतं नि बागेपुरतंच, आणि भर पावसात बागेला पाणी कोण घालतो?

बोअरचं गणित जमिनीवर ठरतं. आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून खर्चाआधी परीक्षा घ्या: उन्हाळ्यात स्वच्छ पाण्याचा एक टँकर बोअरमध्ये सोडा. पाणी झपाझप उतरलं तर भेग लागलेली आहे. तोंडाशीच तुंबलं तर पावसाचंही तिथेच तुंबणार. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, मानपाडा-ओवळ्याच्या डोंगराकडच्या बाजूला, नवी मुंबईत बेलापूरला पारसिक डोंगराच्या उतारावर हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. मात्र उतारावर जिरवलेलं पाणी मेपर्यंत तुमच्याच बोअरखाली थांबेल असं नाही. खालच्या सोसायटीचं भलं होण्याची शक्यता धरून चला.

वाशी, कोपरखैरण्याच्या खाडीकडच्या सेक्टरांत जमीन भरावाची, आणि थोडं खणलं की मचूळ पाणी. तिथे गोडं पाणी जिरवून मेमध्ये खारंच उपसाल. मे आणि ऑक्टोबरमध्ये बोअरचा टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) मोजा. दोन्ही वेळा २,००० च्या वर असेल तर बोअर विसरा आणि टाकीच बांधा.

दोन्हीकडे योजना फसते ती मात्र पाइपात. बाल्कनीतल्या पावसाच्या पाइपात कुणीतरी वॉशिंग मशिनची नळी खुपसलेली असते. तो साबण टाकीत गेला तर वासाने कळतो. बोअरमध्ये गेला तर कळतही नाही आणि काढताही येत नाही. म्हणून जोडणीआधी प्रत्येक मजल्यावरची बाल्कनी तपासा. पार्किंगचं पाणी बोअरला कधीच जोडू नका, त्यात तेल असतं. गच्चीवर कबुतरांची विष्ठा असतेच. पहिल्या पावसाचं पाणी व्हॉल्व्ह उघडून गटारात सोडायचं: ५०० चौरस मीटरला पहिले २ मिमी म्हणजे १,००० लिटर. बाजारात मिळणारी सहा इंची उभी नळी मीटरला जेमतेम १८ लिटर धरते, तिने हे काम होत नाही. गाळणीच्या खड्ड्यात तळाला दगड, त्यावर खडी, वर वाळू. वाळूचा वरचा दोन इंचांचा थर दर उन्हाळ्यात बदलला नाही तर पुढे कधीतरी पाणी गाळणीवरून वाहून थेट गटारात जातं. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी हवीच, नाहीतर डासांची सोय होते.

इमारत अलीकडची असेल तर आधी मंजूर नकाशा काढा. भोगवटा प्रमाणपत्रासाठी केलेला जिरवण्याचा खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गाळाने भरून पडलेला सापडू शकतो. तो उपसणं नव्यापेक्षा स्वस्त.

आणि मेचे टँकरच कमी करायचे असतील तर पहिला खर्च यांपैकी कशावरच नको. बेसिन आणि सिंकच्या नळांना एरेटर (नळाच्या तोंडाला बसणारी, पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावा: मिनिटाला १० लिटर सोडणारा नळ ३-४ लिटरवर येतो. बादली भरायच्या नळाला लावू नका. बादली तेवढीच भरते, वेळ मात्र जास्त लागतो. सर्वात वरच्या मजल्यावर दाब मुळात कमी असतो, तिथे आधी एकाच घरात लावून बघा. बोअरचं पाणी असेल तर जाळीवर क्षार साठतात. महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये बुडवली की मोकळी होते.